इंद्रियांचे आयुष्य

भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात जीवाच्या देहांतराचे वर्णन आहे. जीव देह टाकतो, परंतु इंद्रियांना टाकून जात नाही. ती त्याच्याबरोबर जातात, आणि नव्या देहात कान, डोळे, त्वचा, जिव्हा व नासिका यांवर तो पुनः अधिष्ठित होतो, असा त्या ठिकाणचा आशय आहे. अनुवाद करणाऱ्याला येथे अडखळविणारा शब्द एकच, तो ‘अधिष्ठाय’ हा. ‘बसून’ म्हणावे तर ते थिटे पडते. ‘आश्रय करून’ म्हणावे तर जीव परतंत्र होतो. ‘स्वामित्वाने अधिष्ठित होऊन’ म्हणावे तर वाक्य जड होते. मी बहुधा ते जडच वाक्य पत्करतो. कारण धनी घरात राहावयास आला म्हणजे घर लागलीच त्याच्या हातचे होते असे नाही. कोणता दरवाजा कोठे उघडतो हे कळण्यास काळ लागतो, आणि पुढे घर जुने झाले म्हणजे तेच दरवाजे एकेक करून कुरकुरू लागतात.

इंद्रियांवरील हे स्वामित्व असेच हळूहळू येते व हळूहळू जाते. याचा विचार आपल्या प्रवचनांत फारसा होत नाही. इंद्रिये म्हणजे उधळलेले घोडे, इंद्रिये म्हणजे शत्रू, एवढेच आपण ऐकतो. वास्तविक भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात वाटेवरचे लुटारू म्हणून ज्यांचा निर्देश केला ते राग आणि द्वेष होत. इंद्रिये ही त्या वाटा आहेत. वाटेवर चोर बसले म्हणून वाटच खणून टाकणे हा शहाणपणा नव्हे. सतराव्या अध्यायात तर देहातील भूतसमूहाला उगाच पीडा देणाऱ्या तपस्व्यांची गणना आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे.

‘इंद्रिय’ हा शब्द मुळात मोठा आदराचा आहे. पाणिनीने पाचव्या अध्यायात त्याची व्युत्पत्ती एकच न देता पाच-सहा दिल्या: जे इंद्राचे चिन्ह, इंद्राने पाहिलेले, इंद्राने निर्मिलेले, इंद्राने सेविलेले, इंद्राने दिलेले, ते इंद्रिय. इंद्र म्हणजे येथे आत्मा. धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान होते, तसे पाहणे-ऐकणे चालू आहे त्याअर्थी आत कोणी पाहणारा-ऐकणारा आहे. आपल्या शास्त्रकारांनी आणखी एक भेद केला आहे, तो पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावा. बाहेर दिसणारा डोळा, कानाची पाळी, नाकपुडी हे ‘गोलक’. आणि त्या गोलकाच्या द्वारे विषयाचे ग्रहण करणारी आतील शक्ती ते इंद्रिय. गोलक शाबूत असून इंद्रिय निजलेले असू शकते.

आता हा विचार घरात आणू. बेंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाचा भाग आहे. १८८२ च्या सुमारास म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वोडेयर यांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीवाडीची वसाहत म्हणून तो वसला, आणि त्या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचे नाव त्याला मिळाले. १९९० नंतर तेथे संगणक-उद्योगाची मोठमोठी संकुले उभी राहिली, २०२३ साली मेट्रो आली. आणि पुणे, सांगली, सोलापूर, नागपूर या बाजूंची अनेक मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झाली आहेत. (बेंगळूर हे शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण, तेव्हा मराठी माणूस तेथे सतराव्या शतकापासूनच परका नाही.) अशा एखाद्या घरात सायंकाळी गेलात तर पाळण्यात तान्हे मूल, पडद्यासमोर बसलेले चाळिशीचे आईबाप, आणि नातवंडाला सांभाळावयास गावाहून आलेले आजी-आजोबा असे तिघांचे जग एका छताखाली आढळते. इंद्रियांची उगवती, मध्यान्ह आणि मावळती पाहावयास याहून दुसरी पाठशाळा नको.

प्रथम मूल. गर्भात सर्व इंद्रिये एकाच वेळी जागी होत नाहीत. पहिला मान स्पर्शाचा. सुमारे आठव्या आठवड्यात गर्भाच्या ओठांभोवतीच्या त्वचेला स्पर्शाची जाणीव येऊ लागते. मागून देहाच्या तोलाचे ज्ञान, रस आणि गंध येतात. आई जे खाते त्याचे स्वाद गर्भजलात उतरतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात गर्भारपणी गाजराचा रस घेणाऱ्या मातांच्या मुलांनी पुढे गाजराच्या स्वादाचे अन्न अधिक खुशीने स्वीकारल्याचे दिसले. आपल्याकडील डोहाळेजेवणाची पंगत केवळ हौसेची नव्हे, असे म्हणावयास आता हरकत नसावी. सहाव्या महिन्याच्या सुमारास कान उघडतात. जन्मून तीन दिवसही न झालेली मुले आपल्या आईचा आवाज परक्या स्त्रीच्या आवाजाहून वेगळा ओळखतात व त्याकडे ओढ घेतात, हे १९८० साली प्रयोगाने दाखविले गेले. प्रल्हादाने मातेच्या उदरात नारदांचा उपदेश ऐकला, या भागवतातील कथेकडे यामुळे निदान कुचेष्टेने पाहू नये. चक्रव्यूहाचे रहस्य गर्भाला कळते असे विज्ञान म्हणत नाही. पण त्या वयात कान बंद नसतो, एवढे ते निश्चित म्हणते.

दृष्टी सर्वांत मागून येते. नवजात बालकाला वीत-दीड वीत अंतरावरचेच बरे दिसते. स्तनपान करविताना मातेच्या मुखाचे अंतर साधारण तेवढेच असते, हा ईश्वरी योजनेचा एक गोड भाग आहे. पुढे महिन्या-महिन्याने दृष्टी तीक्ष्ण होत जाते. हे तीक्ष्ण होणे डोळ्याइतकेच मेंदूत घडते, आणि येथेच गोलक व इंद्रिय यांच्या भेदाची सत्यता पटते.

ह्यूबेल आणि वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत बंद ठेवला व नंतर उघडला. डोळा निर्दोष होता, तरी पिलाला त्याने दिसेना, कारण मेंदूतील जो भाग त्या डोळ्याला मिळावयाचा, तो दुसऱ्या डोळ्याने व्यापून टाकला होता. या संशोधनासाठी त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगाच्या रीतीविषयी मनात कालवाकालव होते, हे खरे. परंतु त्यातून निघालेले ज्ञान आज असंख्य मुलांचे डोळे वाचवीत आहे.

माणसांच्या बाबतीतही असेच दिसते. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेचे प्राध्यापक पवन सिन्हा यांनी दिल्लीतील डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या साहाय्याने ‘प्रकाश’ नावाचे कार्य चालविले आहे. जन्मतःच मोतीबिंदूने अंध झालेल्या, आणि खेड्यांत तशाच वाढलेल्या मुलांवर तेथे शस्त्रक्रिया होतात. १६८८ साली मॉलिन्यू नावाच्या आयरिश विद्वानाने एक प्रश्न विचारला होता: जन्मांधाने हाताने चाचपून गोल आणि घन या आकारांतील भेद जाणला; त्याला एकाएकी दृष्टी आली, तर न चाचपता नुसते पाहून तो त्यांना ओळखील काय? तीन शतकांच्या वादानंतर २०११ साली या मुलांनीच त्याचे उत्तर दिले. पट्टी सुटल्यावर लगेच त्यांना ओळखता येईना. नजरेचा स्पर्शाशी परिचयच नव्हता! परंतु काही दिवसांतच तो परिचय होऊ लागला. गोलक वैद्याने एका तासात मोकळे केले. धन्याला खिडकीशी येऊन बसावयास दिवस लागले. शिवाय उशिरा दृष्टी आलेल्या या मुलांना पुष्कळ काही दिसू लागले, तरी बारीक तपशील पाहण्याची तीक्ष्णता मात्र पूर्ण अशी आली नाही. तिचा काळ निघून गेला होता.

ही काळवेळ गृहस्थाने फार गंभीरपणे घ्यावयास हवी. जन्मजात दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांच्या आसपास व्हावी असे वैद्य सांगतात. एक डोळा तिरळा वा मंद असेल, तर चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी बांधून मंद डोळ्याला कामाला लावण्याचा उपाय सात-आठ वर्षांच्या आत उत्तम लागू पडतो. नवमास पुरे होण्याच्या बरेच आधी, चौतिसाव्या आठवड्यापूर्वी, किंवा दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बालकाचा दृष्टिपटल जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. फारच लवकर जन्मलेल्याचा त्याहूनही आधी. यासाठी बेंगळूरच्या नारायण नेत्रालयाने २००८ साली मोठा कल्पक उपक्रम आरंभिला. प्रशिक्षित माणसे यंत्र घेऊन कर्नाटकातील जिल्ह्या-जिल्ह्यांच्या नवजात-कक्षांत जातात, बालकाच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे काढतात, आणि दूर बसलेले तज्ज्ञ ती पाहून उपचार सांगतात. कानाचेही तसेच आहे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, असा क्रम जगभर मान्य झाला आहे. कारण जे मूल ऐकत नाही ते बोलावयास शिकत नाही. केंद्र सरकारची बालस्वास्थ्य योजना २०१३ साली आपल्या पालघरहून सुरू झाली, तिच्यात जन्मजात मोतीबिंदू व बहिरेपण यांचा अंतर्भाव आहे.

आणि तरीही आपल्या घरांतून काय ऐकू येते? “मोठे झाले की आपोआप बोलेल, त्याचे वडीलही उशिराच बोलले.” किंवा, “काय करणार, पूर्वजन्मीचे प्रारब्ध!” वाचकहो, हे दुसरे वाक्य धर्माच्या नावाने बोलले जाते, म्हणून त्याचा परामर्श घेणे माझे कर्तव्य आहे. अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. दैव आहे, पण ते पाचवे आहे. पहिली चार हातची असताना पाचव्याला पुढे करणे हा भक्तीचा वेष घेतलेला आळस होय. मूल वाकून खेळणे हुडकत नाही, हाक मारली तर वळत नाही, छायाचित्रात त्याच्या बाहुलीत पांढरी छटा दिसते, यांपैकी काहीही आढळले तर देवाला नारळ अवश्य ठेवावा, आणि त्याच दिवशी वैद्याकडे जावे.

याच व्हाइटफील्डच्या परिसरात कुंदलहळ्ळी गेटजवळ शंकर नेत्र रुग्णालय आहे. कांची कामकोटी पीठाच्या आचार्यांच्या प्रेरणेने डॉ. आर. व्ही. रमणी यांनी १९७७ साली कोइमतूरला जे सेवाकार्य सुरू केले, त्याचाच हा विस्तार. ऐपतदारांच्या शुल्कातून खेड्यातील दरिद्री रुग्णांच्या शस्त्रक्रिया विनामूल्य करावयाच्या, अशी त्यांची रीत आहे. यज्ञशेष खाण्याची तिसऱ्या अध्यायातील शिकवण व्यवहारात कशी दिसते, असे कोणी विचारले तर मी हे उदाहरण सांगतो.

पडद्यांविषयी फार लिहीत नाही, कारण तो उपदेश सर्वजण देतात आणि देताना स्वतःचा मोबाइल हातात ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले ते एवढेच की वर्षाच्या आतील मुलाला पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून तासाहून अधिक नको. शिवाय उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लघुदृष्टी कमी प्रमाणात जडते, हे अनेक देशांत दिसून आले आहे. बाराव्या मजल्यावरच्या घरात अंगण नाही ही अडचण खरी. म्हणून तर आजोबांनी नातवाला घेऊन खाली उतरावयाचे.

मध्यान्हाकडे वळू. चाळिशी ओलांडली की डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे अंधुक दिसू लागते. हे त्याच सुमारास बहुतेकांच्या वाट्यास येते. त्यात दोष कोणाचाच नाही. निर्णयसागराच्या जुन्या ग्रंथांत मूळ श्लोक ठसठशीत आणि खालची टीका बारीक टाइपात असते. ती टीका वाचताना गेली दोन वर्षे माझाही हात लांबत चालला आहे. चष्मा घेतला, टीका पुनः जवळ आली. परंतु त्या लांबलेल्या हाताने मला एक शिकविले: इंद्रियाचे सामर्थ्य उसने आहे, आणि धनको तगाद्याला येऊ लागला आहे. ज्याला मन लावून काही वाचावयाचे, काही पाठ करावयाचे, तेरावा-चौदावा अध्याय कानाने ऐकून कंठात बसवावयाचा, त्याने याच वयात करावे. निवृत्तीनंतर सवड मिळेल, हे खरे. कानही तितकाच सवडीने चालू लागतो, हे ध्यानात येत नाही.

आता मावळती. एका सत्संगात एक वयोवृद्ध गृहस्थ मोठ्या समाधानाने म्हणाले, “आता नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, जेवणात चव लागत नाही. चला, इंद्रियनिग्रह आयताच झाला!” सर्वजण हसले. मलाही हसू आले. पण या विनोदात एक भ्रम दडला आहे, आणि तो पुष्कळांच्या मनात गंभीरपणे असतो. दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की आहार न घेणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण गोडी मात्र राहते. ती परतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. वार्धक्यात हेच घडताना डोळ्यांनी पाहावे. साठी-सत्तरीनंतर गंधाची शक्ती बरीच क्षीण होते, आणि पदार्थाची चव मोठ्या अंशी गंधावर अवलंबून असल्याने भाजी आळणी वाटू लागते. मग काय होते? विषय क्षीण झाला म्हणून वासना शमते का? म्हातारा मीठ वाढवून मागतो, लोणच्याची बरणी पुढे ओढतो, सुनेच्या हाताला चव नाही म्हणून कुरकुरतो. इंद्रिय थकले, रस थकला नाही. घोडा म्हातारा झाला म्हणजे सारथ्य साधले, असे होत नाही. संयम म्हणतात तो कासवाचा: अवयव धडधाकट असून इच्छेने आत घेतलेले.

म्हणून वृद्धाच्या क्षीण इंद्रियाला वैराग्य म्हणून सोडून देऊ नये. त्याची काळजी घ्यावी. आजीला स्वयंपाकघरात गॅस सुटल्याचा वास येत नसेल तर घरच्यांनी ते ओळखून ठेवले पाहिजे. कानाच्या बाबतीत तर मोठी गैरसमजूत आहे. वयाबरोबर प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. ‘स’, ‘फ’, ‘थ’ अशी व्यंजने ऐकू येत नाहीत, पण ‘आ’, ‘ओ’ हे स्वर येतात. त्यामुळे आजोबा म्हणतात, “ऐकू येते रे, पण कळत नाही”. आणि नातू ओरडतो. ओरडल्याने स्वरच मोठा होतो, व्यंजन हरवलेले ते हरवलेलेच. समोर बसावे, तोंड दिसेल असे बसावे, सावकाश बोलावे, आणि श्रवणयंत्र आणून द्यावे. कानाच्या आत ध्वनी ग्रहण करणाऱ्या ज्या सूक्ष्म केसाळ पेशी असतात, त्या सुमारे पंधरा हजार, जन्मतःच मिळालेल्या. एकदा नष्ट झाल्या की माणसात पुनः उगवत नाहीत. लाऊडस्पीकर लावून हरिनाम करणाऱ्या उत्सव-मंडळांनी हा आकडा मंडपात टांगून ठेवण्यासारखा आहे. मध्यम वयातील बहिरेपणाची उपेक्षा पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविते, असेही वैद्यकीय मंडळी अलीकडे आग्रहाने सांगू लागली आहेत. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या वाचकाला दुसऱ्या अध्यायातून परिचित आहे; तेथे त्याचे मूळ विषयचिंतनात सांगितले आहे आणि येथे रोगात, या दोहोंची गल्लत करू नये. पण दोन्ही ठिकाणी आरंभ अगदी लहान दिसतो, एवढे साम्य आहेच.

कोणी विचारील, इंद्रियांचे एवढे महत्त्व सांगता, मग ज्याला इंद्रियच नाही त्याचे काय? विदर्भातील संत गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले आणि तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेतले, ऐकले, धरून ठेवले, आणि १९१५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवण्यापूर्वी संस्कृत, मराठी, हिंदीत शंभराहून अधिक कृती रचल्या. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. एक दार बंद असेल तर धनी दुसऱ्या दाराशी अधिक दक्षतेने बसतो, याचे हे उदाहरण. परंतु हे उदाहरण उपचार टाळण्यासाठी कोणी पुढे करू नये. महाराजांच्या कानाशी बसून तासन्‌तास वाचणारी माणसे होती; आपल्या घरातील दृष्टिहीन मुलाजवळ रोज एक तास वाचावयास कोण बसणार, हे आधी ठरवावे.

राहिला शेवटचा काळ. मरणोन्मुख माणसाच्या कानाशी गीता वा विष्णुसहस्रनाम म्हणण्याची आपली चाल आहे. नव्या पिढीला ती निव्वळ समजूत वाटते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात, शेवटच्या घटकांत कोणताच प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूने ध्वनीला प्रतिसाद दिल्याचे आढळले. ऐकलेले त्यांना कळत होते की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. पण कान कदाचित सर्वांत शेवटी मिटतो, असे म्हणावयास त्याने आधार मिळाला. म्हणून अशा वेळी खोलीतील दूरदर्शन बंद करावे, मालमत्तेची बोलणी बाहेर करावीत. ज्या कानाने त्या व्यक्तीला अधिक ऐकू येत असे त्या बाजूस बसावे, श्रवणयंत्र असेल तर ते काढून ठेवू नये, आणि म्हणणाऱ्याने शक्यतो घरातलेच कोणी असावे. आठवा अध्याय मोठ्याने नव्हे, सावकाश म्हणावा. स्वर खालचा असावा, आणि हात हातात असावा.